सातपैकी सात पास

सखूआजी मोबाईलसमोर बसली होती आणि तोंड उघडत नव्हती.

मोबाईलमधली बाई तिसऱ्यांदा म्हणाली, "कृपया तुमचं पूर्ण नाव सांगा." मोबाईल देवळाच्या लाउडस्पीकरला जोडला होता, त्यामुळे ते अख्ख्या कापडे गावाने ऐकलं. सभामंडप भरलेला. शिमग्याला आलेले मुंबईकर, त्यांच्या बायका, पोरं. पहिल्या रांगेत सखूआजीचा नवरा काठीवर हनुवटी टेकून बसलेला. शेजारी तिचा मुलगा. तो मुंबईतल्या आमच्या गावकरी मंडळाचा अध्यक्ष. आईला पुढे बसवायची हौस त्याचीच.

"आये, बोल गो," तो म्हणाला. "नाव तर सांगायचाय."

सखूआजीने पदर पुढे ओढला.

बाजूला बसलेली एक बाई पुढे सरकली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तेवढ्यात आमच्या प्रशांतने हात वर केला. "कोणी मध्ये बोलू नका हां. मशीन गोंधळतं."

ती बाई मागे सरली. मशीनने थोडी वाट बघितली आणि लाउडस्पीकरवरून जाहीर केलं, "तुमची नोंद होऊ शकली नाही."

"वरच्याने नोंद करून ठेवलीय, मग हितं कशाला व्हईल!" मागून कोणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. अध्यक्षाचे कान लाल झाले.

मी खांबाला टेकून उभी होते. हे असं होणार हे मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. ते सांगणं हेच माझं काम होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

माझं काम काय ते आधी सांगते. मी चौथी पास आहे. महाडला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. प्रशांत मालक, आमच्या कापड्याचाच. पुण्याची नोकरी सोडून आला आणि हे सुरू केलं. पहिल्यांदा मी तिथे चहा आणि दुपारचं जेवण करायला होते. एकदा त्याने माझ्या हातात मोबाईल दिला आणि म्हणाला, "काकी, जरा चालवून बघ." मी चालवला. म्हटलं, हे बटण मुंगीसाठी केलंस काय? हे अक्षर मेलेलं दिसतंय. आणि मागे जायचा रस्ताच नाय, आत शिरलेला माणूस बाहेर यायचा कसा? चहा उकळून उतू गेला तोवर मी पाच चुका काढल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून चहाला दुसरी बाई आली.

सॉफ्टवेअर लिहितो तो डेव्हलपर. ते लोकांच्या हाती जाण्याआधी मोडून बघतो तो टेस्टर. बाजारात मासळी घेताना आपण कल्ला उघडून बघतो. विकणारी सांगतच असते की ताजी आहे, पण तिच्या शब्दावर कोणी पिशवी उघडत नाही. तसंच हे. सापडलेल्या चुकीला बग म्हणतात. चूक दुरुस्त करणं टेस्टरचं काम नाही. डेव्हलपरला बरं वाटावं म्हणून बोलणं हेही त्याचं काम नाही. मला हे जमलं कारण मला गोड बोलता येत नाही. सासरी त्यावरून जन्मभर बोलणी खाल्ली. इथे त्याचाच पगार मिळायला लागला.

तीन वर्षं मी एकटी टेस्टर होते. प्रशांत सकाळी आला की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "काकी, आज काय मोडलास?"

मग ऋतुजा आली.

पुण्याची, इंजिनियर, पंचविशीची. हुद्दा क्यूए इंजिनियर. क्यूए म्हणजे माल पक्का आहे याची खात्री देणारं खातं. तिला फिरती खुर्ची आली. दोन स्क्रीन आले. गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला फोटोचं कार्ड आलं. माझी खुर्ची प्लास्टिकची, लग्नाच्या मांडवात असते तसली. गळ्यात मंगळसूत्र होतं तेही नवऱ्याबरोबर गेलं, त्यामुळे माझ्या गळ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

खुर्चीचं मी सोसलं असतं. पण मी जे तीन वर्षं "अक्षर मेलेलं दिसतंय" म्हणून सांगत होते आणि पोरं हसत होती, त्याला ऋतुजा "कॉन्ट्रास्ट इश्यू" म्हणाली आणि त्यावर मीटिंग झाली. मी काढलेले बग ती कॉम्प्युटरवर लिहून घ्यायची. आधीच कोणी तसलाच लिहिलेला असेल तर त्यावर "डुप्लिकेट" असा शिक्का मारून बंद करायची. नियम तोच आहे, हे आज मला कळतं. तेव्हा मला वाटायचं, ही मलाच बंद करते आहे. प्रशांत सकाळी आला की आता विचारायचा, "ऋतुजा, स्टेटस काय?" आणि चप्पल काढून विचारायचा.

मग त्याने भिंतीवर एक कागद चिकटवला. कोणाकडून कोणत्या कामाची अपेक्षा, त्याची यादी. ऋतुजाच्या नावाखाली आठ ओळी. टेस्ट कशा करायच्या त्याचा आराखडा, टेस्ट केस लिहिणे म्हणजे काय दाबलं की काय व्हायला पाहिजे ते आधी कागदावर मांडणे, बगची नोंद, आणि शेवटी साइन-ऑफ. साइन-ऑफ म्हणजे "हा माल बाहेर जाऊ द्या" अशी सही. माझ्या नावाखाली दोनच शब्द: ऋतुजाला मदत.

मी तो कागद दोनदा वाचला. मला अक्षर लावून वाचावं लागतं, त्यामुळे कमीपणासुद्धा सावकाश वाचला गेला.

त्या दिवसांत मंडळाचं काम आमच्याकडे यायचं घाटत होतं. आमच्या डोंगराकडच्या वाड्यांत आता म्हातारी माणसंच राहतात, मुलगे मुंबईला. कोणी पडलं, कोणाला दम लागला, तर कळवायचं कसं? त्यासाठी प्रशांतने "हाक" नावाचं अ‍ॅप बनवलं. मोबाईलवर एकच मोठं पिवळं बटण. ते दाबून बोललं की मुंबईला मुलाचा फोन वाजतो आणि गावात जीपवाल्याचाही. वाचता येत नसलं तरी चालतं, सगळं बोलून होतं. फक्त पहिल्यांदा घरी बसून नोंद करायची. मोबाईल विचारतो, पूर्ण नाव सांगा. एका वाडीत तीन सखू असतात, म्हणून पूर्ण नाव. तीनदा उत्तर आलं नाही तर नोंद बंद होते. नोंद नाही तर पिवळं बटण दिसतच नाही.

शिमग्याला देवळात सगळ्यांसमोर डेमो, म्हणजे चालवून दाखवायचं होतं; ते जमून काम मिळालं तर आठ वाड्यांत हे चालणार होतं. नाही मिळालं तर प्रशांत दोघांना घरी पाठवणार होता. कोणाला ते त्याने सांगितलं नव्हतं. माझं वय आणि माझी चौथी बघता मला अंदाज होता.

ऑफिसात मी ती नोंद पन्नास वेळा केली असेल. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. नवऱ्याचं नाव मी घेते. तो गेल्यावर तलाठ्याने कागदासाठी विचारलं तेव्हा पहिल्यांदा घेतलं, जीभ जळली नाही, मग सवय झाली. तीन वर्षं पंख्याखाली बसून मी विसरूनच गेले होते की माझ्या वयाच्या बाकीच्या बाया घेत नाहीत.

शिमग्याच्या तीन आठवडे आधी ऋतुजा आणि मी उमरठच्या वरच्या एका वाडीत गेलो. ऑफिसात चालतं ते चुलीपुढे चालतं का, हे बघायला. याला फील्ड टेस्ट म्हणतात. सात म्हाताऱ्या एका ओटीवर जमल्या. ऋतुजाने पहिल्यांदा हौसाबाईच्या हातात मोबाईल दिला.

"पूर्ण नाव सांगा," मोबाईल म्हणाला.

"हौसा," हौसाबाई म्हणाली आणि थांबली. नुसती मान वळवून शेजारणीकडे बघितलं. शेजारीण लगेच म्हणाली, "धोंडू." मग हौसाबाईने आडनाव सांगितलं. स्क्रीन हिरवा झाला.

आमच्याकडे असंच चालतं. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, लागलंच तर शेजारणीने सांगायचं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या खोलीत. कोणी कोणाला विनंती करत नाही, मान वळली की शेजारीण बोलते. हौसाबाईचं झालं, मग शेजारणीची पाळी आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव हौसाबाईने सांगितलं. सातही जणींचं तसंच. मोबाईलला दोन आवाज आणि एक आवाज यातला फरक कळत नव्हता. आणि ऋतुजा स्क्रीनकडे बघत होती. स्क्रीन हिरवा झाला की ती टिक करत होती.

मी तोंडांकडे बघत होते. दुसरीच्या वेळी माझ्या लक्षात आलं. या ओटीवर सातजणी आहेत. घरात ही एकटी असणार. एकटी असते म्हणून तर हे अ‍ॅप. तेव्हा मान कोणाकडे वळवणार?

तिथेच बोलायला हवं होतं. आजवर मी असली गोष्ट दोन मिनिटंसुद्धा पोटात ठेवलेली नाही.

उतरताना जीपमध्ये ऋतुजाने लॅपटॉप मांडीवर घेतला. "काकी, तुम्हाला काही खटकलं का? काहीही. लहानसहान असलं तरी सांगा."

मी तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. फोटोत ती हसत होती.

"नाय गो," मी म्हटलं. "चांगला हाय."

"नक्की?"

"सातच्या सात हिरवे झाले ना? मग आणि काय पायजे?"

ती खूश झाली. "तुम्ही चांगलं म्हणालात म्हणजे खरंच चांगलं असणार. प्रशांत सर सांगत होते, तुम्ही कशालाच चांगलं म्हणत नाही."

ते खरं होतं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता. डेमोच्या वेळी म्हातारी एकटीच पुढे बसेल आणि गाडी अडेल. ऋतुजाचं तोंड उतरेल. प्रशांत घाबरून इकडेतिकडे बघेल आणि म्हणेल, काकी कुठे आहे? मग मी पुढे जाईन, सखूआजीच्या शेजारी बसेन, नाव मी सांगेन, आणि सगळ्यांसमोर कारणही मीच सांगेन. आठ ओळींची सही एकीकडे आणि माझे दोन डोळे एकीकडे.

झालं असं की गाडी अडली तेव्हा प्रशांतनेच सगळ्यांना गप्प बसवलं आणि माझे पाय खांबापासून हलले नाहीत. सखूआजीचा नवरा शेवटी काठी आपटून म्हणाला, "घे गो एकदाचा. मी नाय रागवत." त्यावर मंडप आणखी हसला आणि सखूआजी उठून सरळ घरी गेली. साठ वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते लाउडस्पीकरवर काढायला ती काही बसली नव्हती.

अध्यक्ष प्रशांतजवळ आला. "माझ्या आयेचा हसा केलात गावासमोर."

"भाऊ, एक छोटी अडचण..."

"छोटी? उद्या ती घरात पडली, तर हा डबा तिला नाव विचारीत बसणार काय? आम्ही उद्या दुपारच्या गाडीने जातो. बघू मग पुढच्या मीटिंगला."

मंडळाची पुढची मीटिंग म्हणजे गणपती. गणपतीला बघू म्हणजे नाही.

प्रशांत आम्हा दोघींना शाळेच्या मागे घेऊन गेला. त्याचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट.

"ऋतुजा, दोनशे टेस्ट केस. त्यात म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे कुठे आहे?"

"नाही सर. सुटलं."

"फील्ड टेस्ट काय केलीस मग? फिरायला गेली होतीस?"

तिने लॅपटॉप उघडून रिपोर्ट काढला. प्रशांत वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मी वाकून बघितलं. वर लिहिलं होतं: सातपैकी सात पास. त्याखाली: टेस्ट कोणी केली. तिथे माझं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट, टाइप केलेलं. पहिलं माझं, दुसरं ऋतुजाचं. त्याखाली: निरीक्षण, काही दोष नाही.

तीन वर्षांत माझं नाव कुठल्याच कागदावर टाइप झालं नव्हतं. भिंतीवरच्या यादीतसुद्धा मी नुसती काकी होते. पहिल्यांदा झालं ते या रिपोर्टवर.

"काकींना यात घेऊ नका सर," ऋतुजा म्हणाली. "ओटीवर खरं बघत होत्या त्या, म्हणून मी त्यांचं नाव आधी घातलं. पण साइन-ऑफ माझा आहे. चूक माझी."

प्रशांत माझ्याकडे वळला. "काकी, तुला पण नाय दिसला?"

त्याने मला उत्तर तयार करूनच दिलं होतं. नाय दिसला, एवढंच म्हणायचं. वय झालं, डोळे गेले. ऋतुजाची नोकरी तिथेच गेली असती आणि मला कोणी एक शब्द बोललं नसतं.

लोकांना वाटेल मला त्या पोरीची दया आली. तसं काही नव्हतं. मला हे सहन झालं नाही की माझ्या गावचा पोर मला आंधळी समजेल. वाईट म्हणालेलं चालेल. न दिसणारी टेस्टर, हे नाही चालणार.

"दिसला," मी म्हटलं. "दुसऱ्या बाईच्या वेळीच दिसला. सातही जणींची नावं शेजारणीनं सांगितली."

"मग बोलली का नायस?"

"नाय बोलले."

"पण का?"

"तिला फिरती खुर्ची दिलीस. मला लिहिलास मदत."

प्रशांतने कपाळावर हात मारला. "खुर्ची? काकी, खुर्चीसाठी कंपनी बुडवलीस?"

"तू तीन वर्षांत एकदा तरी विचारलास, काकी, पाठ दुखते काय?"

मी ऋतुजाकडे बघितलं. ती रडेल, नाहीतर ओरडेल, दोन्हीला मी तयार होते. तिने लॅपटॉप पायरीवर ठेवला, खाली बसली आणि म्हणाली, "काकी, मोबाईल विचारतो तिथपासून सांगा. बाई आधी काय करते? थांबते? मान वळवते? शेजारीण बोलायला किती वेळ लागतो? एकटी असली तर काय करेल? मी लिहून घेते."

चूक नेमकी कशी घडते ते पायरी पायरीने लिहायचं, म्हणजे डेव्हलपरला ती पुन्हा घडवून बघता येते. टेस्टरचं अर्धं काम एवढंच. पण समोर बसलेल्या बाईने आपला गळा कापला हे कळल्यावर पुढच्याच मिनिटाला ते करणं, हे मला जमलं नसतं. खुर्चीचा वाटला नव्हता एवढा हेवा मला तिचा तेव्हा वाटला.

मी सांगितलं. तिने लिहिलं. प्रशांतने महाडला ऑफिसात फोन लावला. संध्याकाळपर्यंत पोरांनी बदल केला: आडनाव, नवऱ्याचं नाव, सगळं मुलाने त्याच्या मोबाईलवरून आधी भरायचं. म्हातारीने फक्त आपलं नाव आणि वाडी सांगायची. या वेळी पास म्हणायच्या आधी ऋतुजाने मला कापड्यातल्या चार घरांत एकेकटीकडे पाठवलं आणि स्वतः अंगणात उभी राहिली. आत आली नाही. "मी समोर असले की त्या माझ्याकडे बघतात," ती म्हणाली. हेही तिचं तिलाच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अध्यक्षाच्या घरी गेलो. तो दारातच म्हणाला, "आता काय ऱ्हायलाय?" प्रशांतने हातापाया पडून त्याच्याकडून नावं भरून घेतली. मी मोबाईल घेऊन एकटीच आत गेले. सखूआजी भाकऱ्या थापत होती.

"परत तो डबा घेऊन आलीस?"

"नवऱ्याचा विचारीत नाय आता. तुझाच विचारतो."

"माझा कशाला? मी काय पळून जाते?"

मी मोबाईल पाटावर ठेवला, नाव सांगून झालं की पिवळं बटण दाब म्हटलं आणि मागच्या दाराने फिरून अंगणात आले. आतून आवाज आला, "सखू." मग वाडीचं नाव. मग अंगणात बसलेल्या अध्यक्षाच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला.

"कोण?"

"कोण काय मेल्या, मी! आत ये, भाकरी थंड होत्येय."

अध्यक्ष फोन कानाला धरूनच आत गेला.

काम मिळालं. आठ नाही, आधी चार वाड्यांचं. बाकीच्या चार गणपतीनंतर, नीट चाललं तर. घरी कोणाला पाठवावं लागलं नाही. मला महिनाभर फील्डवर नेलं नाही, ते बरोबरच होतं.

भिंतीवरच्या कागदाचं मी प्रशांतला सांगितलं. "तो मदत खोड."

"मग काय लिहू?"

"दिसला तो त्याच दिवशी सांगायचा, असा लिही."

त्याने लिहिलं. ऋतुजाने तीच ओळ आपल्या नावाखाली नववी म्हणून घालून घेतली. वरती काकी खोडून माझं नाव टाकलं तेही तिनेच. खुर्ची मला अजून प्लास्टिकचीच आहे.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. टेस्टरने चांगलं म्हटलं की लोक पुढचं बघत नाहीत. म्हणून तो शब्द जपून वापरायचा, आणि कोणाचा राग काढायला तर कधीच नाही.

हेवा गेला असं काही नाही. या वयात नवीन स्वभाव येत नसतो. ऋतुजाने हिरवं केलेलं सगळं मी आता पुन्हा मोडायला बसते, एकतरी सापडावी म्हणून. गेल्या आठवड्यात दोन चुका सापडल्या. मी दोन्ही त्याच दिवशी सांगितल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

एक डुप्लिकेट निघाली.